कुलूप शाबूत, तिजोरी रिकामी!

चोर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. अमावास्येची रात्र, अंगाला चोपडलेले तेल, हातात पहार आणि भिंतीला पाडलेले माणूसभर भगदाड! बिचाऱ्याला केवढे कष्ट, केवढी जोखीम! त्यातून एखादे कुत्रे भुंकले की आल्या पावली परत. आजचा चोर इतका कष्टाळू राहिलेला नाही. तो भर दुपारी, पंख्याखाली बसून, चहाचे घुटके घेत चोरी करतो. तुमच्या घराच्या भिंतीकडे तो ढुंकूनही पाहत नाही. तो फोन करतो, नमस्कार म्हणतो आणि मोठ्या अदबीने तुमच्याकडूनच किल्ली मागून घेतो.

संगणक आणि मोबाइल यांच्या दुनियेतल्या अशा चोऱ्यांच्या हकिकती जमवण्याचा छंद मला गेली काही वर्षे जडला आहे. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी जमवतो. मी या चोऱ्या जमवतो. वहीची पाने भरत गेली तशी एक मौजेची गोष्ट माझ्या ध्यानात आली. देश वेगळे, रकमा वेगळ्या, यंत्रे वेगळी. पण कुलूप फोडल्याचा प्रकार त्यांत क्वचितच. बहुतेक ठिकाणी कुलूप शाबूत आणि तिजोरी रिकामी! दार आतूनच उघडले गेले होते. कारण बाहेर उभा असलेला माणूस आपलाच आहे, अशी आतल्याची खात्री पटली होती.

अशा माणसाला आपल्या भाषेत एक झकास शब्द आहे. तो शब्द म्हणजे तोतया!

भाऊसाहेबांचा तोतया

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते पडले की निसटले, याविषयी लोकांच्या मनात वर्षानुवर्षे संशय राहिला. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर ते गेले हे मानलेच नाही. माणसाच्या मनात आशेची अशी फट राहिली की तिच्यातून कोणीतरी आत शिरतोच. काही वर्षांनी एक कनोजी ब्राह्मण 'मीच तो भाऊ' म्हणत प्रकट झाला. चेहऱ्यामोहऱ्यात थोडेफार साम्य, बोलण्यात ऐट आणि ऐकणाऱ्यांच्या मनात 'खरेच असेल तर किती बरे' ही इच्छा! एवढ्या भांडवलावर त्याने आपले दुकान मांडले. पेशव्यांनी त्याला पकडून कैदेत टाकले. पण १७७६ साली रत्नागिरीच्या किल्लेदाराने त्यालाच धनी मानून मोकळे केले आणि पाहता पाहता कोकणातले किल्ले त्याच्या हाती जाऊ लागले. ज्या तटांशी टक्कर देताना फौजा थकल्या असत्या, त्या तटांची दारे एका नावाने उघडली! त्याच वर्षाच्या अखेरीस तो पकडला गेला, पुण्यात त्याला देहान्त शासन झाले आणि ते बंड मिटले.

वाचकहो, ही हकिकत मी मुद्दाम आधी सांगितली. कारण पुढे जे जे सांगणार आहे, ते या बंडाचेच नवे अध्याय आहेत. किल्ल्यांच्या जागी बँका आल्या आणि किल्लेदारांच्या जागी तुम्ही-आम्ही आलो, एवढाच काय तो फरक!

पुण्याच्या बँकेतला तोतया

पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ साली स्थापन झालेली, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या ओळखीची. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, या बँकेच्या बाबतीत एक अजब घटना घडली.

एटीएमच्या यंत्रात आपण कार्ड सारतो तेव्हा ते यंत्र स्वतःच्या मनाने काहीच ठरवत नाही. ते बँकेकडे विचारणा करते, 'हे कार्ड खरे का? खात्यात पैसे आहेत का?' तिकडून होकार आला की मगच नोटा बाहेर येतात. चोरांनी बँकेच्या संगणकांत चोरपावलांनी शिरकाव केला आणि या विचारपुशीच्या वाटेवर आपला एक तोतया नेऊन बसवला. आता कुठल्याही यंत्राने विचारावे आणि या तोतयाने खऱ्या बँकेला पत्ताही न लागू देता 'हो, द्या!' म्हणून मोकळे व्हावे.

पुढचा प्रकार ऐकून थक्क व्हायला होते. अवघ्या काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे बारा हजार वेळा पैसे काढले गेले. ती रक्कम ७८ कोटी रुपयांची होती. भारतातही सुमारे २,८०० वेळा मिळून अडीच कोटी निघाले. त्यांतले काही आपल्या कोल्हापुरात! आणि सोमवारी, १३ ऑगस्टला, हाँगकाँगच्या एका खात्यावर १३ कोटी ९२ लाख रुपये परस्पर रवाना झाले. एकूण फटका ९४ कोटी ४२ लाखांचा. खातेदारांच्या खात्यांतून मात्र पैसा गेला नाही. जाणार कसा? खऱ्या हिशेबाच्या वहीला कोणी विचारलेच नव्हते!

या प्रकरणाचा शेवट विचार करण्याजोगा आहे. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावल्या. पण संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ च्या अहवालात ज्यांच्याकडे बोट दाखवले, ते सूत्रधार दूर उत्तर कोरियातले. सूत्रधार राहिले तिकडे आणि यंत्रांतून नोटा काढणाऱ्यांसारखी हाताखालची मंडळी गेली गजाआड. 'दादा, तुझे खाते आठवडाभर वापरू दे, चार पैसे तुलाही मिळतील' असे म्हणणारे लोक हल्ली कॉलेजातल्या पोरांना गाठत असतात. त्या पोरांना ही हकिकत घरातल्या वडीलधाऱ्यांनी अवश्य वाचून दाखवावी.

शुद्धलेखनाची किंमत

शाळेत ऱ्हस्व-दीर्घासाठी छडी खाल्लेल्या सर्वांना दुसरी हकिकत आवडेल. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेच्या संगणकांत चोर शिरले. या बँकेचा पैसा न्यूयॉर्कला ठेवलेला असे. चोरांनी बँकेच्याच नावाने, बँकेच्याच सांकेतिक रीतीने न्यूयॉर्कला ३५ हुकूम धाडले आणि एकंदर ९५ कोटी डॉलर मागितले. मुहूर्तही कसा काढला पाहा! गुरुवारची रात्र धरली. शुक्रवारी ढाक्याला सुट्टी, शनिवार-रविवारी न्यूयॉर्कला सुट्टी आणि सोमवारी चिनी नववर्षाची फिलिपीन्सला सुट्टी! पंचांग पाहून लग्न ठरवणाऱ्यांनीही इतकी काळजी घेतली नसती. हुकमांची नोंद कागदावर छापणारे यंत्रही त्यांनी बंद पाडून ठेवले.

यातले आठ कोटी दहा लाख डॉलर फिलिपीन्सला पोचले आणि बरेचसे तिथल्या जुगाराच्या अड्ड्यांत जिरले. दोन कोटी श्रीलंकेतल्या एका संस्थेच्या नावाने निघाले होते. त्या नावातल्या 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चोरांनी चुकवले आणि तो शब्द 'फँडेशन' असा लिहिला. वाटेवरच्या एका जर्मन बँकेत ही चूक नजरेला आली आणि तिथून विचारणा झाली, 'हे नाव असेच का?' एवढ्या एका प्रश्नाने दोन कोटी डॉलर वाचले. ज्याच्या नजरेला ते खटकले, त्याने संगणकशास्त्रातला काही मोठा पराक्रम केला नव्हता. त्याला फक्त शंका आली, आणि आलेली शंका त्याने गिळली नाही. विचारून घेतले. मला वाटते, माझ्या साऱ्या वहीतली सर्वांत मोलाची ओळ हीच आहे.

वीज गेली म्हणून वाचले!

तिसरी हकिकत न्हावा-शेव्याच्या बंदराची. २७ जून २०१७ रोजी जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम एकाएकी ठप्प झाले. ते टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाशी संबंधित होते. कंपनीच्या जगभरच्या संगणकांचे पडदे त्या दिवशी एकापाठोपाठ एक काळे पडले. या रोगाचे मूळ सापडले युक्रेनमध्ये. तिथे हिशेबासाठी वापरली जाणारी एक साधी संगणक-प्रणाली होती. तिची नवी सुधारित आवृत्ती म्हणून जे आले, त्याच्या पोटात हे विष दडले होते. रोजच्या गवळ्याच्या हातूनच दूध आले. त्यात काय मिसळले आहे, हे त्यालाही ठाऊक नव्हते!

कंपनीच्या साऱ्या संगणकांची ओळखपाळख ज्या वहीत असते, त्या वहीच्या जगभर ठेवलेल्या नकला पुसल्या गेल्या. त्या एकमेकींशी जोडलेल्या होत्या. त्यामुळे एकीला लागण झाली ती सर्वांना झाली. शेवटी एकच नक्कल धडधाकट सापडली, आफ्रिकेतल्या घानामध्ये! का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो संगणक बंद होता. ती नक्कल विमानाने, एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देत, इंग्लंडला नेली तेव्हा कंपनीचा जीव भांड्यात पडला. तरीही नुकसान पंचवीस-तीस कोटी डॉलरांच्या घरात गेले.

यातून घरगुती बोध एवढाच. मुलीच्या लग्नाचे फोटो, घराची कागदपत्रे, वडिलांची औषधांची यादी यांची एक प्रत अशा ठिकाणी ठेवा, जे एरवी कशालाही जोडलेले नसते. लोणच्याच्या सगळ्याच बरण्या एका फळीवर ठेवू नयेत, हे आपल्या आजीला ठाऊकच होते.

वीज जाणे हे सुद्धा कधीकधी दैवी कृपा ठरते, हे ऐकून सुरगाण्याच्या लोकांना मात्र हसू येईल. त्यांच्याकडे ही कृपा काही कमी होत नाही! आणि आता मला तुम्हांला तिथेच न्यायचे आहे. कारण तोतयाला ओळखायचे कसे, याचा मी पाहिलेला सर्वांत उत्तम धडा पुण्या-मुंबईत नव्हे, तर सुरगाण्यात मिळाला.

सुरगाण्याचा अंगठा

नाशिकहून दिंडोरी, वणी मागे टाकून पश्चिमेकडे जावे, डोंगर अंगावर येऊ लागावेत आणि मोबाइलचा आवाज तुटक होऊ लागावा, की समजावे सुरगाणा तालुका आला. पूर्वीचे हे छोटेसे संस्थान १९४८ साली विलीन झाले. पलीकडे गुजरातची हद्द. वस्ती कोकणा, वारली, महादेव कोळी अशा आदिवासींची. शेतात भात, नागली आणि वरई. आणि पावसाळा सरला की पोटासाठी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांची वाट.

इथल्या बाजारात एका बँकमित्राच्या टपरीवर मी उभा होतो. बँकमित्र म्हणजे बँकेच्या वतीने गावात पैसे देणारा-घेणारा माणूस. त्याच्याकडे ना चेक लागतो, ना सही. आधारचा क्रमांक आणि बँकेचे नाव सांगायचे, छोट्या यंत्रावर अंगठा ठेवायचा आणि पैसे घ्यायचे. एक म्हातारी श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला नातवाला घेऊन आली होती. तिने अंगठा ठेवला. यंत्राने थोडा वेळ घेतला. बँकमित्र म्हणाला, "आजी, उठला नाही. परत ठेवा."

आजीने हात पदराआड घेतला. "एकदा दिला ना? मग तो कुठं गेला? आधी कागद काढ, नि या पोराला वाचू दे."

मागे रांग चुळबुळत होती. बँकमित्र सज्जन माणूस. त्याने न रागावता पावती काढली. नातवाने अक्षर अक्षर लावून वाचले, की व्यवहार झालेला नाही. तेव्हा कुठे आजीने राबून राबून रेषा झिजलेला तो अंगठा पदराला पुसला आणि दुसऱ्यांदा यंत्रावर टेकवला.

मी तिला विचारले, "आजी, एवढी खबरदारी कोणी शिकवली?" ती म्हणाली, "आमच्या सासऱ्यानं कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता. रान गेलं."

त्या चार शब्दांत अख्खा इतिहास आहे. आदिवासींच्या जमिनी अशा कागदांपायी इतक्या गेल्या, की महाराष्ट्राला १९७४ साली त्या परत देववण्याचा कायदा करावा लागला. 'उठला नाही, परत ठेवा' असे म्हणून एकाच बैठकीत दोनदा पैसे उचलण्याची युक्ती भामटे ठिकठिकाणी करत आले आहेत. आजीला ती युक्ती माहीत नव्हती. पण अंगठा ही द्यायची नव्हे, जपायची वस्तू आहे, हे तिला तीन पिढ्यांपासून ठाऊक होते.

अंगठ्याची ही कहाणी आपल्याच देशात सुरू झाली, हेही एक नवलच. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. मागाहून 'ही सही माझी नव्हे' असे त्याने म्हणू नये, हा हेतू. १८९७ साली कलकत्त्याला ठशांचे खास कार्यालय निघाले. आणि २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी देशातला पहिला आधार क्रमांक एका आदिवासी स्त्रीच्या हाती पडला.

पण अंगठ्याचाही तोतया निघतो! जपानमधल्या योकोहामाच्या त्सुतोमू मात्सुमोतो या प्राध्यापकांनी २००२ साली जिलेटिनची, म्हणजे मुले खातात त्या जेलीच्या जातीच्या पदार्थाची, बोटे बनवली आणि अकरा प्रकारच्या यंत्रांना दाखवली. बहुतेक वेळा यंत्रे फसली. आपल्याकडे भामट्यांनी खरेदीखतांवरचे ठसे उचलून रबरी अंगठे बनवल्याचे आणि त्यांवर पैसे काढल्याचे गुन्हे पोलिसांनी उघडकीला आणले. खऱ्या आणि रबरी बोटांतला फरक ओळखण्याची सोय त्यानंतर आधारच्या यंत्रणेत करण्यात आली. शिवाय आपल्या अंगठ्याला कुलूप घालण्याची सोयही आहे. आधारच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून ती विनामूल्य करता येते. गरज पडली की उघडावे आणि काम झाले की पुन्हा लावावे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा बदलून मिळत नाही!

'आमच्या लहानशा गावात कोण कशाला येईल?' असे म्हणणाऱ्यांनी यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यातले शेंदुरसनी आठवावे. वस्ती दीड हजारांच्या आतबाहेर. आणि २०२५ सालच्या तीनच महिन्यांत या गावाच्या नावावर सत्तावीस हजारांहून अधिक जन्मांच्या नोंदी! गावात एवढी बारशी झाली असती तर जिल्ह्यातले पेढे संपले असते. ग्रामपंचायतीच्या नावाची संगणकी किल्ली कोणा दुसऱ्यानेच फिरवली होती. चोराला गाव नको असते. गावाचे नाव पुरते.

साहेबाचा आवाज

आपण शहरातली शिकलेली मंडळी 'अंगठेबहाद्दर' हा शब्द वर्षानुवर्षे हिणवण्यासाठी वापरत आलो. आता आपण सगळेच अंगठेबहाद्दर झालो आहोत. सकाळी उठल्यावर प्रथम फोनवर अंगठा! आणि 'अटी मान्य आहेत' या चौकटीत न वाचता खूण करणे, हा कोऱ्या कागदावरचा अंगठा नव्हे तर काय? बँकेकडून फोनवर येणारा ओटीपी म्हणजे तरी दुसरे काय? तुमचा काही मिनिटांपुरता अंगठा! तो जो मागतो तो बँकेचा माणूस नव्हे, कारण तुमच्या ओटीपीची बँकेच्या माणसाला कधीच गरज पडत नाही.

पण सध्याचे तोतये अंगठ्याच्याही पुढे गेले आहेत. फोन येतो: 'तुमच्या नावाचे पार्सल मुंबईच्या विमानतळावर पकडले आहे. त्यात अमली पदार्थ निघाले.' मग पडद्यावर खाकी गणवेश, मागे भिंतीवर बोधचिन्ह, टेबलावर फायली. 'तुम्ही डिजिटल अटकेत आहात. कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही. घरच्यांना सांगायचे नाही. चौकशी पुरी होईपर्यंत पैसे या सरकारी खात्यात भरा.' ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या एका बड्या उद्योगपतीला तर भामट्यांनी चक्क बनावट सर्वोच्च न्यायालय भरवून दाखवले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचाही तोतया उभा केला आणि सात कोटी रुपये काढून घेतले! त्यांतले पाच कोटींहून अधिक पुढे पोलिसांनी परत मिळवले. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी खुद्द पंतप्रधानांना रेडिओवरून सांगावे लागले, की डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यात नाही.

शिकलेली, कर्तबगार माणसे यात कशी सापडतात? मला याचे उत्तर आपल्या वळणातच दिसते. लहानपणापासून आपल्याला शिकवतात, की साहेबाला उलट विचारायचे नाही. अधिकाराचा आवाज कानी पडला की आपण मनाने उभे राहतो आणि हात जोडतो. तोतयाचे सारे भांडवल एवढेच! त्याला आपल्या अज्ञानाची फारशी गरज नाही. आपली भीती आणि आपली भिडस्त सभ्यता त्याला पुरेशी होते. सुरगाण्याच्या आजीपाशी अक्षरओळख नव्हती, पण 'आधी कागद काढ' म्हणण्याची ताकद होती. आपल्यापाशी पदव्या आहेत. पण 'साहेब, मी फोन ठेवतो आणि तुमच्या कचेरीत स्वतः चौकशी करतो' एवढे वाक्य घशाशी अडते. ते वाक्य पाठ करा. खरा अधिकारी त्याने रागावत नाही, आणि जो रागावतो तो अधिकारी नव्हे.

हिरकणीला काय मिळाले?

हिरकणीची आख्यायिका कोणाला माहीत नाही? रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले. तान्ह्या बाळाच्या ओढीने ही गवळण अवघड कडा उतरून घरी गेली. महाराजांना कळले तेव्हा त्यांनी काय केले? 'नियम मोडलास' म्हणून तिला शिक्षा केली नाही. तिचा गौरव केला आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधला. गडाची उणी बाजू जिने दाखवली, तिचेच नाव त्या बुरुजाला मिळाले.

आजच्या मोठमोठ्या संगणक कंपन्या हेच करतात. आमच्या तटातले भगदाड दाखवा आणि बक्षीस न्या! नेटस्केप कंपनीने १९९५ साली असे बक्षीस लावले आणि आता तो जगभरचा रिवाज झाला आहे.

आपल्या घरांत मात्र नेमके उलटे घडते. मावशी फसली की सारे घर तिच्यावर तुटून पडते. 'एवढे कळत नाही? पेपर वाचत नाहीस?' पुढच्या वेळी कोणी फसले, की ते माणूस आतल्या आत कुढते आणि कोणालाच सांगत नाही. आणि इथेच खरा घात होतो. कारण चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात धावत असतो. पहिल्या तास-दोन तासांत १९३० या क्रमांकावर फोन केला आणि बँकेला कळवले, तर तो वाटेत अडवला जाण्याची आशा असते. शरमेत रात्र गेली की आशाही गेली. लुटारू पैसे नेतो; पण उशीर होतो तो घरच्यांच्या जिभेच्या धाकाने. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की या दिवाळीत फराळाला सगळे जमतील तेव्हा घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः कर्त्या मंडळींनी, एक वाक्य मोठ्याने म्हणावे: 'कोणी फसले तर आधी मला सांगा; मी रागावणार नाही.' हे वाक्य कुठल्याही संगणकी कुलपापेक्षा मजबूत आहे.

शिवेवरचा वाघ

आणखी एक सोय घरच्या घरी करता येते. जुन्या काळी गडाच्या दारावर रात्री परवलीचा शब्द विचारत. तो आला नाही तर ओळखीचा चेहरासुद्धा बाहेरच राही. आता यंत्रे माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करू लागली आहेत. परगावी शिकणाऱ्या मुलाचा रडवेला आवाज फोनवर येईल, 'बाबा, अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा.' तेव्हा घरातल्यांनाच ठाऊक असलेला एखादा शब्द विचारावा. आजोळच्या म्हशीचे नाव चालेल, लहानपणी पडलेल्या पहिल्या दाताची जागा चालेल. फक्त तो शब्द मोबाइलमध्ये लिहून ठेवू नये. आणि बँकेचा फोन आला, की तो ठेवून पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक आपल्या हाताने लावावा. समोरच्याने दिलेल्या वाटेने जायचे नाही, आपल्या वाटेने जायचे. भाऊसाहेबांचा तोतया असो की कॉसमॉस बँकेतला, सर्वांचे मर्म या एका गोष्टीत आहे. जो स्वतःची ओळख सांगतो, त्याच्याच तोंडून तिची खात्री करून घ्यायची नसते.

अश्विन वद्य द्वादशीला आपण शहरात वसुबारस करतो आणि गाय-वासराला ओवाळतो. सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यांवर त्याच दिवशी वाघबारस असते. गुरांची राखण करणारी ही माणसे गावाच्या शिवेवर जाऊन वाघदेवाची पूजा करतात. वाघ आहे हे ते नाकारत नाहीत, की त्याच्या भीतीने गुरे चारणे सोडून देत नाहीत. वर्षातून एक दिवस शिवेपर्यंत जाऊन तो कुठे उभा आहे ते आठवतात आणि मग निर्धास्त मनाने दिवाळी करतात. फोन, बँका, यंत्रे आता सोडून देण्यासारखी राहिलेली नाहीत, आणि सोडायचे कारणही नाही. आपल्या उंबऱ्याबाहेर कोण उभा आहे, एवढे दार उघडण्यापूर्वी विचारले म्हणजे झाले.